शेतातलं खोकं बोलतं कसं? आवाजाची चिप आणि तिला हुकूम देणारा प्रोसेसर

रावेर-यावलची केळी असो नाहीतर अमळनेर-चोपड्याकडचा कापूस, मोबाईल स्टार्टर आता खान्देशात कुणाला नवा नाही. थ्री फेज लाईटीची पाळी रात्रीची आली की माणूस घरातूनच फोन लावतो, एक आकडा दाबतो, आणि लांब विहिरीवर लावलेलं खोकं बाईच्या आवाजात सांगतं, ‘मोटर चालू आहे.’ अंधारात बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीनं बांधावरून जाणं वाचतं. ज्यांनी ती पायपीट केली आहे त्यांनाच या तीन शब्दांची किंमत कळते.

हा आवाज कुणाचा, असा प्रश्न मात्र हमखास निघतो. कुणाला वाटतं, फोन कंपनीत कुणीतरी बाई बसलेली आहे. कुणाला वाटतं, खोक्यात सिमकार्ड आहे म्हणजे आवाज इंटरनेटवरून येतो. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाची मुलं हेच खोकं प्रोजेक्ट म्हणून बनवायला घेतात. आवाज भरणं आणि वाजवणं त्यांना जमतं, पण हवं तेच वाक्य हव्या त्या क्षणी वाजवायचं कसं, इथं तीही अडतात. शेतकऱ्याचा आणि विद्यार्थ्याचा प्रश्न मुळात एकच आहे. तो एकदा उलगडला की हेच खोकं अहिराणीत बोलू शकतं, आणि त्यासाठी कुठल्या मोठ्या कंपनीची वाट पाहायला नको, हेही लक्षात येतं. हा लेख लिहिण्याचं माझं खरं कारण तेच आहे.

वाजवणारा वेगळा, सांगणारा वेगळा

खोक्यात दोन कामं दोन वेगळ्या जागी होतात. आवाज साठवून वाजवणारी एक चिप असते आणि तिला कधी, काय वाजवायचं हे सांगणारा एक प्रोसेसर असतो. मायक्रोप्रोसेसर म्हणजे लिहून दिलेल्या सूचना एकामागून एक पाळणारी आयसी, म्हणजे चिपच. तिच्याच पोटात मेमरी आणि बाहेरच्या तारा जोडायच्या पिना बसवल्या की तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. स्टार्टरमध्ये असतो तो हाच, पण बोलताना सगळे प्रोसेसरच म्हणतात आणि मीही तोच शब्द वापरतो. इंटेलनं १९८० साली आणलेला ८०५१ आपल्याकडे कॉलेजच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. आताची मुलं बहुतेक आर्डुइनो या तयार मायक्रोकंट्रोलर बोर्डवर हात बसवतात.

मग प्रोसेसरनंच आवाज का सांभाळू नये? त्यासाठी थोडा हिशेब करू. टेलिफोनवर माणसाचा आवाज समजायला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो. असा आवाज साठवायचा तर सेकंदाला ८,००० वेळा त्याची उंची मोजून ठेवावी लागते. अशा प्रत्येक मोजणीला नमुना म्हणू. एक नमुना एका बाइटमध्ये, म्हणजे आठ शून्य-एकांत, ठेवला तर एका सेकंदाला ८,००० बाइट लागले. मूळ ८०५१ च्या पोटात प्रोग्रॅमसाठी जागाच ४ किलोबाइट, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद आवाज. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा ३२८पी मध्ये ३२ किलोबाइट, म्हणजे ४ सेकंद, तेही दुसरा काही प्रोग्रॅम नसेल तर. शिवाय वाजवताना दर १२५ मायक्रोसेकंदांनी पुढचा नमुना बाहेर सोडावा लागतो. ज्या प्रोसेसरला मोटरचे तिन्ही फेज राखायचे आहेत, त्याच्या मागे हे दुसरं काम लावणं बरोबर नाही. म्हणून आवाजाला वेगळी चिप.

चिपच्या पोटात काय आहे

समजण्यासाठी सगळ्यात चांगली चिप जुनी आहे, आयएसडी २५६०. कॅलिफोर्नियातल्या ज्या कंपनीनं ती बनवली, ती १९९८ मध्ये तैवानच्या विनबाँडनं घेतली आणि २००८ मध्ये विनबाँडमधून नुव्होटॉन निघाली. त्यामुळे एकाच घराण्यातल्या चिपांवर वेगवेगळी नावं दिसतात.

हिच्यात ६० सेकंद आवाज मावतो. त्यासाठी ४ लाख ८० हजार कप्पे आहेत आणि एका कप्प्यात एक नमुना राहतो. तोही शून्य-एकच्या आकड्यांत नाही. विजेची जी पातळी मोजली, ती पातळीच कप्प्यात भरून ठेवलेली असते. आकड्यांत साठवायचं म्हटलं तर एका नमुन्यामागे आठ कप्पे खर्ची पडले असते. ज्या काळात मेमरी महाग होती त्या काळात ही मोठी सोय होती, आणि माझ्या मते आजही ही फार सुंदर रचना आहे. माइकचा बारीक आवाज वाढवणारं सर्किट, तो सारखा ठेवणारं सर्किट, नको ते सूर गाळणारा फिल्टर, शेवटी स्पीकर चालवणारा छोटा ॲम्प्लिफायर, हे सगळं त्याच २८ पायांच्या आयसीत आहे.

आता हे ४ लाख ८० हजार कप्पे ६०० ओळींत विभागले आहेत असं समजा. एका ओळीत ८०० कप्पे, म्हणजे आवाजाचा दहावा भाग सेकंद. केळीच्या बागेत मजूर लावताना आपण त्याला एकेक झाड दाखवत नाही. ‘पंचावन्नाव्या ओळीपासून सुरू कर, बांध आला की थांब आणि हाक मार,’ एवढं सांगितलं की पुरतं. चिपचं अगदी तसंच आहे. प्रोसेसर फक्त ओळीचा क्रमांक देतो. तिथून पुढे चिप स्वतः चालत जाते, प्रत्येक कप्प्यातली पातळी बाहेर काढते, आणि वाक्य संपल्याची खूण आली की थांबून एका तारेवर इशारा देते. ओळीच्या क्रमांकाला पत्ता म्हणतात आणि शेवटच्या खुणेला ईओएम, म्हणजे एंड ऑफ मेसेज. पुढे लक्षात ठेवायला एवढे दोनच शब्द.

यात भाषा कुठेच आली नाही, हे पाहा. प्रोसेसरला मराठी येत नाही, चिपलाही येत नाही. एकाला क्रमांक माहीत आहे, दुसरीला पातळ्या.

एक वाक्य वाजतं तेव्हा

एका स्टार्टरचा नकाशा मांडू. ० ते १९ या ओळींत ‘मोटर चालू आहे’, २० ते ३९ मध्ये ‘मोटर बंद आहे’, ४० ते ५४ मध्ये ‘लाईट नाही’, ५५ ते ८९ मध्ये ‘एक फेज गेला, मोटर बंद केली आहे’, ९० ते १२४ मध्ये ‘विहिरीत पाणी नाही, मोटर बंद केली आहे’. रात्री डीपीवरचा एक फ्यूज उडाला. स्टार्टरनं मोटर बंद पाडली आणि शेतकऱ्याला फोन लावला. शेतकऱ्यानं फोन उचलला. यापुढे वाक्य सुरू होईपर्यंतचं सगळं एका सेकंदाच्या छोट्याशा भागात घडतं.

पिन वर म्हणजे तिच्यावर पाच व्होल्ट, खाली म्हणजे शून्य. प्रोसेसर आधी प्ले-रेकॉर्डची पिन वर ठेवतो, म्हणजे आता वाजवायचं आहे, भरायचं नाही. मग पॉवर-डाऊनची पिन खाली आणतो, झोपलेली चिप जागी होते. जागी व्हायला तिला २५ मिलिसेकंद द्यावे लागतात. घाई केली तर पहिला शब्द अर्धा कापला जातो. नंतर दहा पत्त्याच्या तारांवर ५५ हा आकडा मांडायचा. प्रत्येक तारेची किंमत आधीच्या तारेच्या दुप्पट: १, २, ४, ८ अशी ५१२ पर्यंत. ५५ म्हणजे ३२, १६, ४, २ आणि १ यांची बेरीज, म्हणून त्या पाच तारा वर आणि बाकीच्या पाच खाली. शेवटी चिप-एनेबलची पिन क्षणभर खाली नेऊन परत वर. खाली जाताना चिप पत्ता उचलून घेते आणि चालायला लागते. ‘एक फेज गेला, मोटर बंद केली आहे.’ वाक्य संपताच ईओएमची तार साडेबारा मिलिसेकंद खाली जाते. प्रोसेसरला कळलं, काम झालं. तो चिपला परत झोपवतो.

शेतकरी फोनवर आकडा दाबतो तेव्हा उलट बाजूनं असंच होतं. प्रत्येक बटणाचे दोन सूर असतात, ते ओळखायला ८८७० सारखी वेगळी आयसी किंवा खोक्यातलं फोनचं मॉड्यूल असतं. तिथून प्रोसेसरला फक्त आकडा मिळतो. खोकं तुमचं बोलणं समजत नाही, बटणाचे सूर समजतं. बोलून मोटर चालू करणं हा वेगळा आणि बराच अवघड विषय आहे.

प्रोजेक्ट करणारी मुलं कुठं अडतात

पहिली अडचण जवळजवळ सगळ्यांना येते. चिप-एनेबलची पिन खाली नेली आणि तिथंच ठेवली. भरताना ती खालीच धरून ठेवायची असते, वर केली की भरणं थांबतं आणि ईओएमची खूण पडते. म्हणून वाजवतानाही तसंच करावं असं वाटतं. पण वाजवताना ती खाली राहिली तर चिप ईओएमची खूण ओलांडून सरळ पुढे जाते. ‘लाईट नाही’ म्हणायचं होतं, ते म्हणून झालं की लगेच ‘एक फेज गेला, मोटर बंद केली आहे’ आणि त्याच्यामागे ‘विहिरीत पाणी नाही’ असं सगळं एका दमात ऐकू येतं. चिप खराब नसते. पिन क्षणभर खाली नेऊन वर केली की वाक्य जागच्या जागी थांबतं.

दुसरी अडचण भरतानाची. ‘लाईट नाही’ ला १५ ओळी ठेवल्या, बोलणाऱ्यानं सावकाश दोन सेकंद घेतले, की २० ओळी गेल्या. पंचावन्नाव्या ओळीपासूनच्या वाक्याचं तोंड पुसलं गेलं. चिप अडवत नाही, तिला तुमचा नकाशा माहीत नाही. म्हणून भरण्याचा वेळही प्रोसेसरनंच मोजावा, आणि वाक्यावाक्यात चार-पाच ओळी मोकळ्या सोडाव्यात.

तिसरी अडचण आकड्याची आहे. पत्त्याच्या दहा तारांवर १,०२३ पर्यंत आकडे मांडता येतात, पण ओळी ६०० च, म्हणजे ० ते ५९९. सगळ्यात वरच्या दोन तारा एकदम वर गेल्या, म्हणजे आकडा ७६८ किंवा त्याहून मोठा झाला, तर चिप त्याला पत्ता मानतच नाही. त्या तारांचा अर्थ बदलून ती वेगळ्याच पद्धतीनं वागायला लागते: तेच वाक्य पुन्हापुन्हा, किंवा भराभर पुढे सरकणं. मुलं दोन-दोन दिवस सोल्डरिंग तपासत बसतात आणि चूक प्रोग्रॅममधल्या एका आकड्यात असते.

चौथी गोष्ट मी सगळ्यात गंभीर मानतो. वाक्य वाजवायला सांगितलं आणि प्रोसेसर ईओएमची वाट बघत एका जागी थांबून राहिला, असा प्रोग्रॅम लिहिणं फार सोपं असतं. टेबलावर तो छान चालतो. पण विहिरीवर ‘मोटर चालू आहे’ वाजत असतानाच फेज गेला तर? ते दोन सेकंद प्रोसेसरचं मोटरीकडे लक्षच नाही. दोन सेकंदांनी मोटर जळेलच असं नाही, पण वाक्यं लांबली, आकडे वाचून दाखवायला लागला, की हा वेळ वाढत जातो. शिवाय ईओएमची तार तुटली तर प्रोसेसर कायमचा थांबून राहील आणि तेव्हा मोटर खरंच रामभरोसे. म्हणून ईओएम इंटरप्टच्या पिनेवर घ्यावा. इंटरप्ट म्हणजे चालू काम मध्येच थांबवून प्रोसेसरचं लक्ष वेधणारी तार. तोपर्यंत प्रोसेसरनं फेज आणि करंट मोजत राहावं. आणि ठरल्या वेळात इशारा आलाच नाही तर वाक्य संपलं असं मानून पुढे जावं. रिवाइंडिंगला किती पैसे जातात हे ज्याला माहीत आहे तो हे मान्य करेल.

आपले आकडे चिपला जड का जातात

शेतकऱ्याला व्होल्टेज किती आहे हे ऐकायचं असतं. ‘व्होल्टेज चारशे सदतीस.’ इंग्रजीत एक ते वीस, मग तीस, चाळीस असे दहाचे शब्द आणि एक शंभर, असे तिशीच्या आतले तुकडे भरले की कुठलाही आकडा जोडता येतो. मराठीत तसं होत नाही. सदतीसमध्ये सात आणि तीस वेगवेगळे सापडत नाहीत. एकोणसाठमध्ये नऊ नाहीच. १ ते १०० प्रत्येक आकडा स्वतंत्र भरावा लागतो.

एका आकड्याला ०.८ सेकंद धरले, म्हणजे आठ ओळी. शंभर आकड्यांना ८०० ओळी झाल्या आणि चिपमध्ये आहेत ६००. वाक्यांना जागाच उरली नाही.

याच घराण्यात आयएसडी २५१२० आहे, १२० सेकंदांची. कप्पे तेवढेच, पण सेकंदाला ८,००० ऐवजी ४,००० नमुने. शंभर आकडे तिच्यात मावतात, पण फिल्टर १,७०० हर्ट्झच्या वरचं गाळून टाकतो. ‘स’, ‘श’, ‘छ’ या अक्षरांची ओळख त्या वरच्या सुरांतच असते. मग फोनवर ‘सहा’ म्हणाला की ‘दहा’ हे नक्की सांगता येत नाही. जिथं आकडाच महत्त्वाचा, तिथं हा सौदा मला मान्य नाही.

म्हणून बरीच यंत्रं आकडे सुटे सुटे वाचतात: ‘चार तीन सात.’ शून्य ते नऊ, दहा शब्द, ८० ओळी, काम भागलं. ऐकायला रूक्ष वाटतं, पण चुकीला जागा कमी. माझा कल याच पद्धतीकडे आहे. जागा भरपूर असेल तर पूर्ण आकडे भरावेत आणि ‘दोनशे, तीनशे, चारशे’ हेही अख्खे भरावेत. ‘शे’ वेगळं भरून मागून जोडलं की कानाला तुटक लागतं.

वाक्यांचंही तसंच. जागा वाचवायला ‘मोटर’, ‘पंप’, ‘बंद पडली’ असे तुकडे करून जोडावेत असं वाटतं. पण मोटर बंद पडते आणि पंप बंद पडतो. एक फेज येतो, तिन्ही फेज येतात. क्रियापद लिंग-वचनाप्रमाणे बदलत असल्यामुळे तुकड्यांची संख्या कमी होतच नाही, उलट ‘पंप बंद पडली’ असं काहीतरी ऐकू येतं. ठरावीक वाक्यं अख्खी भरा. जोडायचे ते फक्त आकडे.

अहिराणीत बोलेल का?

बोलेल. आजच, याच चिपवर, प्रोग्रॅममधलं एक अक्षर न बदलता. पंचावन्नाव्या ओळीत काय भरलं आहे हे प्रोसेसरला कळतच नाही. तिथं तुमच्या आत्याच्या आवाजात अहिराणी वाक्य भरा, तेच वाजेल. ‘मोटर चालू शे.’ सातपुड्याच्या बाजूला, धडगाव-अक्कलकुव्याकडे, भिली-पावरीत भरा. लिपीची, शब्दकोशाची, संगणकाला ती भाषा शिकवण्याची गरज नाही. ज्या भाषांना मशीनमध्ये जागा मिळायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी ही साधी चिप फार मोलाची आहे. धुळे-नंदुरबारच्या कितीतरी घरांत प्रमाण मराठी शाळेत भेटते, मोटरीशी बोलणं मात्र घरच्याच भाषेत चालतं.

भरताना मात्र मेहनत घ्या. पंखा बंद. खिडकी बंद. भिंतींवरून आवाज घुमत असेल तर दोरीवर गोधड्या टाकून त्यांच्या आडोशाला बसा. माइक तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला धरा, नाहीतर ‘प’, ‘फ’ म्हणताना फुंकर बसते. सगळी वाक्यं एकाच माणसानं, एकाच बैठकीत, एकाच पट्टीत म्हणावीत. वेगवेगळ्या दिवशी भरली की ‘व्होल्टेज’ एका आवाजात आणि ‘चार’ दुसऱ्याच आवाजात येतं. म्हणणाऱ्याला वाक्य वाचायला लावू नका. आधी प्रसंग सांगा, ‘हिरमा पानी नही, आता घरना लोकेस्ले काय सांगशाल?’ असं विचारा, आणि उत्तरात जे येईल ते भरा. वाचलेल्या अहिराणीत आणि बोललेल्या अहिराणीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

लाईट गेली तर आवाज पुसला जाईल का?

नाही. कप्प्यातली पातळी वीज नसतानाही टिकते. या चिपच्या माहितीपत्रकात १०० वर्षं टिकण्याचा आणि एक लाख वेळा भरण्याचा आकडा दिलेला आहे.

खरी भीती लाईट जाण्याची नाही, ती लपलप करण्याची आहे. लाईट दोन-तीनदा आली-गेली की प्रोसेसर प्रत्येक वेळी नव्यानं सुरू होतो, आणि सुरू होतानाच्या त्या क्षणी त्याच्या पिना कुठल्या स्थितीत आहेत यावर बरंच अवलंबून असतं. ८०५१ सुरू होताना त्याच्या सगळ्या पोर्टच्या पिना वर असतात. चिपच्या बाजूनं पाहा: एनेबल वर, म्हणजे काही सुरू करू नको. पॉवर-डाऊन वर, म्हणजे झोपून राहा. प्ले-रेकॉर्ड वर, म्हणजे भरायचं नाही. तिन्ही गोष्टी आपल्याला हव्या तशाच. आर्डुइनोच्या पिना मात्र सुरुवातीला अधांतरी असतात. तिथं प्रत्येक तारेला १० किलोओहमचा रजिस्टन्स लावून ती वर बांधून ठेवा, नाहीतर एखाद्या लपलपीत ‘मोटर चालू आहे’ च्या जागी कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचची, खटखट भरली जाईल. शेतावर बसवायच्या खोक्यात तर प्ले-रेकॉर्डची पिन प्रोसेसरला जोडूच नका. सरळ पाच व्होल्टला बांधा. भरण्याचं काम घरी टेबलावर करून टाका.

स्वस्त एमपीथ्री मॉड्यूल मिळत असताना जुनी चिप कशाला?

रास्त प्रश्न आहे. नवं काम हाती घेणाऱ्याला मीही २५६० घ्या असं म्हणणार नाही. चौदा तारा लागतात आणि ६० सेकंद थोडेच आहेत. ती समजून घेण्यासाठी उत्तम, कारण सगळं डोळ्यांसमोर तारांवर दिसतं.

तिच्या पुढच्या पिढीतली आयएसडी १७०० मालिका चार तारांवर चालते. दहा तारांवर एकदम पत्ता मांडण्याऐवजी तो एकाच तारेवरून बिटामागून बिट, म्हणजे एकेक शून्य-एक करत, पाठवायचा. सुरुवातीची आणि शेवटची ओळ दोन्ही सांगता येतात, आणि एक तुकडा वाजत असतानाच पुढचा सांगून ठेवता येतो, त्यामुळे ‘चार तीन सात’ मध्ये खंड पडत नाही. फक्त ही चिप प्रत्येक बाइटचा शेवटचा बिट आधी मागते. आर्डुइनोची मूळ सवय उलटी आहे. ती बदलली नाही तर चिप मख्ख बसून राहते.

डीएफप्लेअर मिनी हे एमपीथ्री मॉड्यूल तर आणखी सोपं. मेमरी कार्डवर फायली टाकायच्या, प्रोसेसरनं दहा बाइटचा हुकूम पाठवायचा. वाजत असेपर्यंत त्याची बिझी नावाची पिन खाली राहते, म्हणजे ईओएमचंच काम ती करते. कार्डवर शंभर काय, हजार आकडे मावतील. दोन गोष्टी सांभाळा. क्रमांकानं वाजवायचा साधा हुकूम फायलीचं नाव बघत नाही, कार्डवर फायली ज्या क्रमानं उतरल्या तो क्रम बघतो. म्हणून एमपी३ नावाच्या फोल्डरमध्ये ०००१, ०००२ अशी नावं देऊन त्या फोल्डरसाठीचाच हुकूम वापरा. दुसरं, कार्ड खाचेत बसवलेलं असतं. पंपाच्या थरथरीनं आणि धुळीनं ते ढिलं होऊ शकतं. आवाज आयसीतच असलेल्या चिपला ती चिंता नाही, म्हणून शेतावरच्या खोक्यासाठी मी अजूनही चिपच्याच बाजूचा आहे.

यंत्र कुठलंही घ्या, बोलणी तीच. कुठून वाजवायचं हे प्रोसेसर सांगतो, संपलं हे दुसरी बाजू सांगते.

आवाज खरखरतो, मेमध्ये तर खोकं मुकंच होतं

खरखर बहुतेक वेळा चिपची नसते, विजेची असते. कॉन्टॅक्टर ओढला की लाईनवर झटका येतो आणि तो माइकच्या, स्पीकरच्या तारांत शिरतो. या चिपला आवाजाच्या भागाची आणि हुकमाच्या भागाची वीज वेगवेगळ्या पिनांवर घ्यायची सोय मुद्दाम दिलेली आहे. दोन्हीकडच्या ग्राउंडच्या तारा वेगळ्या न्या आणि पॉवर सप्लायजवळ एकाच ठिकाणी जोडा. चिपच्या अगदी पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा. चार इंच लांब लावलेल्याचा उपयोग नाही. स्पीकर खोक्याबाहेर मोठ्यानं वाजवायचा असेल तर चिपच्या आतला ॲम्प्लिफायर पुरत नाही, एलएम ३८६ सारखी आयसी जोडावी लागते.

उन्हाचं मात्र कुणी ध्यानात घेत नाही. जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याचं खोकं पश्चिमेच्या उन्हात असेल तर आतली हवा त्याहून कितीतरी तापते. साध्या प्रतीच्या आयसीला ७० अंशांची मर्यादा असते, औद्योगिक प्रतीला ८५. थोडे पैसे जास्त देऊन औद्योगिक प्रत घ्या आणि खोकं सावलीच्या बाजूला ठोका.

बोलतंय त्यावर विश्वास किती ठेवायचा?

‘मेसेज येतो की, बोलण्याची गरज काय?’ असं विचारणारे असतात. ज्याला वाचता येत नाही, ज्याचा चष्मा घरात राहिला आहे, ज्याचे हात चिखलात आहेत, त्याला आवाजच लागतो. त्यामुळे हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचा प्रश्न असा, की ‘मोटर चालू आहे’ हे वाक्य खोकं कशाच्या आधारावर म्हणतं?

प्रोसेसरनं रिले, म्हणजे मोटर चालू करायचा छोटा स्विच, ओढला आणि लगेच पत्ता ० वाजवला, असाही प्रोग्रॅम असतो. त्यात मोटर खरंच फिरली का, हे कुणी पाहिलेलंच नसतं. केबल तुटली असेल, कॉन्टॅक्टर चिकटला नसेल, तरी खोकं ‘चालू आहे’ च म्हणणार आणि शेतकरी निवांत झोपणार. नीट केलेल्या खोक्यात मोटरच्या तारेवर सीटी, म्हणजे करंट मोजणारी कडी, बसवलेली असते. रिले ओढल्यावर करंट खरंच वाहतोय हे बघून मगच ते वाक्य वाजतं. करंट नेहमीपेक्षा फार कमी असेल तर पंप कोरडा फिरतोय, म्हणून नव्वदाव्या ओळीचं ‘विहिरीत पाणी नाही’.

खोकं विकत घेताना एवढं नक्की करा. वायरमनला सोबत न्या. मेन स्विच पाडून, स्टार्टरकडून मोटरीकडे जाणाऱ्या तारा सोडवून ठेवायला सांगा, मग लाईट देऊन बाजूला उभे राहा आणि फोन लावून मोटर चालू करायचा आकडा दाबा. मोटर जोडलेली नसताना खोकं ‘मोटर चालू आहे’ म्हणालं, तर ते परत करा.